भूकंप आला तर पळायचं की टेबलाखाली बसायचं? घरात दोन मतं आहेत, मदत करा

सूनबाई_जुळेसोलापूर
नमस्कार मंडळी. परवा लेकीच्या शाळेत भूकंपाची रंगीत तालीम झाली. ती सहावीत आहे. घरी आल्या आल्या करून दाखवायला लागली. गुडघ्यावर बसली, जेवणाच्या टेबलाखाली शिरली, एका हाताने टेबलाचा पाय धरला, दुसरा हात मानेवर. आप्पा, म्हणजे माझे सासरे, वय ७४, खुर्चीत बसून बघत होते. ते एकदम उठले आणि दंडाला धरून तिला बाहेर ओढलं. "छत अंगावर आलं की टेबल काय करतंय? दार उघडायचं आन् पळायचं!" पोर रडायला लागली आणि आप्पांचेही हात थरथरायला लागले.

आप्पांचं गाव उमरग्याकडचं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा ते सोलापुरात होते म्हणून वाचले. धाकटी बहीण आणि तिची दोन मुलं गेली. ती दाराच्या आतल्या बाजूला सापडली. चौकट वाकडी झाली होती, कडी निघालीच नव्हती. तेव्हापासून आप्पा रात्री दाराला आतून कडी लावू देत नाहीत, नुसतं लॅच. उशाशी बॅटरी, खाटेखाली चपला, चपलांची तोंडं दाराकडे. लग्न होऊन आले तेव्हा मला याचं नवल वाटायचं. आता त्यांच्या चपला मीच सरळ करून ठेवते.

प्रश्न दोन आहेत. आम्ही जुळे सोलापुरात तिसऱ्या मजल्यावर राहतो, तिथे लेकीला काय शिकवू? आणि दीर-जाऊ दक्षिण सोलापूर तालुक्यात गावाकडच्या माळवदाच्या घरात राहतात, त्यांना काय सांगू? आप्पांना चूक ठरवायचं माझ्या मनात नाही. त्यांनी जे पाहिलंय ते मी पाहिलेलं नाही.

शेंगाचटणी
आप्पांना नमस्कार सांगा ताई. चपलांची तोंडं दाराकडे, हे वाचून पोटात कालवलं. जाणकार येईपर्यंत इथेच बसतो.

पार्कचौक
भीती घालून घेऊ नका. सोलापुरात कुठला आलाय भूकंप? आपला सगळा काळा पाषाण आहे खाली. दुष्काळ, ऊन, पाणी चार दिवसांनी, हे आपले खरे प्रश्न.

लेझीम_९३
पार्कचौक, तुमचं वय माहीत नाही, पण मी त्या रात्री सोलापुरातच होतो. अनंत चतुर्दशी होती. मंडळाच्या मिरवणुकीत लेझीम खेळून पोटऱ्या भरून आल्या होत्या, दोन वाजता घरी येऊन नुकता पाठ टेकली होती. ३ वाजून ५६ मिनिटांनी फळीवरची पितळेची भांडी एकेक करून खाली यायला लागली. आधी वाटलं मांजर. मग खाट सरकली. आई "देवाऽऽ" म्हणून ओरडली आणि आम्ही सगळे गल्लीत. सगळी पेठ गल्लीत! कुणाच्या अंगावर बनियन, कुणाच्या कपाळावर अजून गुलाल.

किल्लारी इथून सरळ रेषेत ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटर. गाडीने नळदुर्गवरून उमरगा आणि पुढे. ते काय लांब आहे?

आणि खाली काळा पाषाण आहे म्हणून काही होत नाही, असं तेव्हा लातूरकडेही सगळे म्हणायचे. १९९२ च्या ऑक्टोबरमध्ये किल्लारीत चांगला धक्का बसला होता, त्याच्या आगेमागे जमिनीतून गुरगुर ऐकू यायची. लोक बाहेर झोपले. नंतर काही होईना म्हणून परत आत गेले.

ओळंबा
मी स्थापत्य अभियंता आहे, सोलापुरातच काम करतो. या धाग्यावर सविस्तर लिहावंसं वाटलं, कारण ताईंच्या घरातली दोन्ही मतं बरोबर आहेत. घर कशावर उभं आहे, एवढंच बघायचं.

पार्कचौक यांच्यासाठी आधी एक. १९९३ साली किल्लारी देशाच्या भूकंप नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या, पहिल्या क्षेत्रात होती. भूकंप ६.२ चा आणि उथळ, त्यात सुमारे दहा हजार माणसं गेली. २००२ मध्ये नकाशा बदलला, पहिलं क्षेत्रच काढून टाकलं. त्या नकाशात सोलापूर तिसऱ्या क्षेत्रात, म्हणजे मध्यम धोक्यात धरलं. रोज उठून घाबरायचं कारण नाही, पण "आपल्याकडे नसतो" हे वाक्य मात्र सोडून द्या. २१ मार्च २०२४ ला हिंगोलीकडे ४.५ चा झालाच की.

आता माळवद. ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो: आत लाकडी खांब आणि तुळया, वर फळ्या किंवा काड्यांचा थर, त्यावर पांढरी माती. भिंती दोन-अडीच फूट जाड, दगडाच्या. पण ती एक भिंत नसते, दोन असतात! आतून एक थर, बाहेरून एक थर, मध्ये दगडांचे तुकडे आणि माती. दोन्ही थर बांधून ठेवणारा आरपार दगड बहुतेक घरांत नसतो. पावसाळ्यात माती भिजते, पकड जाते. जमीन हलली की भिंत पोट काढते आणि थर सुटे होऊन एक आत पडतो, एक बाहेर. वरून माती. माळवद गळू नये म्हणून दर उन्हाळ्यात वर नवी माती टाकायची आपली पद्धत, जुनी कुणी काढत नाही. मी मोजलेल्या काही माळवदांवर दोन फूट माती होती. एका खणावर, म्हणजे दोन तुळयांमधल्या जागेवर, कित्येक टन बसलेलं असतं आणि त्याखाली आपण अंथरूण घालतो.

किल्लारी-सास्तूर भागात हेच झालं. कितीतरी घरांत खांब-तुळयांचा सांगाडा उभा होता आणि भिंती ढासळून माणसं गाडली गेली. आप्पांनी ते पाहिलंय. त्या घरात, दार जवळ असेल आणि समोर मोकळं अंगण असेल, तर पहिल्या क्षणाला बाहेर पडणं हेच बरोबर. पण अरुंद बोळात पळून उभं राहायचं नाही, दोन्हीकडच्या भिंती बोळातच पडतात. बाहेर पडणं जमत नसेल तर भिंतीपासून लांब, लाकडी खांबाला लागून, मजबूत पलंग असेल तर त्याखाली.

तिसऱ्या मजल्यावरच्या काँक्रीटच्या फ्लॅटची गोष्ट वेगळी. जिना उतरायला तुम्हाला लागणार मिनिट-दीड मिनिट, आणि मोठी हालचाल बहुतेक वेळा मिनिटाच्या आत संपते. म्हणजे ऐन हादऱ्यात तुम्ही जिन्यात. इमारतीत सर्वांत आधी मोडणाऱ्या जागांपैकी जिना एक, शिवाय अंधार, ढकलाढकली आणि वरून कठड्याच्या विटा. तिथे शाळेने शिकवलेलंच करायचं: खाली बसा, आडोसा घ्या, धरून ठेवा. टेबल सरकलं तर त्याच्याबरोबर सरका. खिडकीची काच, कपाट आणि फ्रीज यांच्यापासून लांब. रात्री झोपेत असाल तर पलंगावरच उशी डोक्यावर घेऊन पालथं पडून राहा. हादरे थांबले की मग चपला घालून जिन्याने खाली. लिफ्ट नाही म्हणजे नाही.

सूनबाई_जुळेसोलापूर
ओळंबादादा, शब्द नाहीत. आप्पांना मोठ्याने वाचून दाखवलं. "आतून एक थर, बाहेरून एक थर" इथे त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, "बरोबर लिव्हलंय." मग बराच वेळ गप्प. मग विचारलं, "आपली ही बिल्डिंग खांबावर हाय का भिंतीवर?" मला सांगता आलं नाही. खाली सगळं पार्किंग आहे, नुसते खांब.

ओळंबा
खांबावर आहे. पण आप्पांनी नेमक्या जागी बोट ठेवलंय. खाली मोकळं पार्किंग आणि वर विटांच्या भिंतींनी भरलेले मजले असले की वरचा भाग ताठ आणि खालचा लवचिक, सगळा मार खालच्या खांबांवर येतो. २६ जानेवारी २००१ च्या गुजरातच्या भूकंपात अहमदाबाद केंद्रापासून दोनशे किलोमीटरहून जास्त लांब होतं, तरी तिथे अशाच पार्किंगवाल्या इमारती बसल्या. म्हणून सोसायटीच्या बैठकीत एवढं विचारा: आराखडा भूकंपाचा विचार करून केलाय का? आणि पार्किंगमधले खांब कुणी फोडलेत का? नळ घ्यायला, बोर्ड बसवायला, दुकानाचं शटर लावायला लोक खांबाला भोकं पाडतात, सळई उघडी पडते, गंज धरते. उद्या सकाळी खाली जाऊन एकेका खांबाभोवती फिरा. सळईच्या रेषेत उभी भेग किंवा तांबूस डाग दिसला तर फोटो काढून सोसायटीच्या अभियंत्याला दाखवा.

बाळीवेस
एक व्हॉट्सॲपवर आलं होतं की टेबलाखाली जायचं नाही, कपाटाच्या किंवा पलंगाच्या बाजूला आडवं पडायचं, तिथे तिकोनी पोकळी राहते. कुणा परदेशी बचाव करणाऱ्याने सांगितलंय म्हणे. मी घरात सगळ्यांना तेच शिकवलंय. चुकलो का?

ओळंबा
तो मेसेज फार वर्षं फिरतोय. हादऱ्यात कपाट एका जागी उभं राहत नाही, ते तुमच्या अंगावर येतं. पोकळी कुठे राहणार हे आधी कुणालाच कळत नाही. आणि पक्क्या घरात बहुतेक लोक छत पडून नव्हे, वस्तू अंगावर पडून जखमी होतात. चौकटीत उभं राहायचा सल्लाही जुन्या जाड लाकडी चौकटींच्या काळातला. आजच्या चौकटी दार धरायला असतात, स्लॅब धरायला नाही.

आज संध्याकाळी एक काम करा, बाळीवेसदादा. ज्या कपाटाखाली मुलं झोपतात ते कपाट वरून दोन लोखंडी पट्ट्या मारून भिंतीला पक्कं करा. माळ्यावरचा जड हंडा खाली उतरवा.

बाळीवेस
आजच करतो. हंडा आजीचा आहे, ती विचारणार का उतरवला म्हणून. हा धागा वाचून दाखवतो तिला.

धोटा_आणि_माग
माझा अक्कलकोट रोडला कारखाना आहे, टॉवेलचे माग. आमच्याबद्दल कुणी बोलत नाही म्हणून लिहितो. चोवीस माग चालू असले की जमीन तशीही थरथरतीच. बारीक धक्का कारागिराला कळणारच नाही. कळेल तो एकदम मोठा, ट्यूबलाइट झुलायला लागल्यावर. ओरडलेलं ऐकू येत नाही. दोन मागांच्या मधली वाट हातभर, त्यात सुताचे डबे. भिंतीला टेकून बीम, म्हणजे सूत गुंडाळलेले जड रूळ, एकावर एक रचलेले.

हा धागा वाचल्यावर काल मी तीन गोष्टी केल्या. बीमच्या थप्पीला दोन्ही बाजूंनी लोखंडी अडसर लावले. मेन स्विचपुढची सगळी अडगळ काढली, आणि मेन कशी पाडायची हे दोन्ही पाळ्यांच्या कारागिरांकडून एकदा करवून घेतलं. आणि एक खूण ठरवली: दिवे तीनदा चालू-बंद झाले की माग सोडून आडोशाला बसायचं, थांबलं की मागच्या दाराने मोकळ्या जागेत. मागचं दार चोरीच्या भीतीने कुलूपबंद असायचं. किल्ली आता दाराशेजारीच खिळ्याला आहे. आप्पांच्या बहिणीची कडी डोळ्यांपुढून हलत नव्हती.

शेंगाचटणी
मालक, तुमच्यासारखे चार जरी निघाले तरी एमआयडीसीचं भलं होईल की ओ.

रात्रपाळी_सिस्टर
मी नर्स आहे, आता निवृत्त. १९९३ ला नोकरीची दोन-तीनच वर्षं झाली होती. उमरगा भागातले जखमी सोलापुरात यायला लागले ते सकाळीच, ट्रकमधून, टेम्पोतून, एसटीतून. सगळ्यांचे चेहरे एका रंगाचे, पांढऱ्या मातीचे. नाकातोंडात माती गच्च. आम्ही आधी तोंडात बोट घालून माती काढायचो, मग नाडी.

मदतीला जाणाऱ्यांसाठी दोन-तीन गोष्टी लिहिते, त्या तेव्हा लोकांना माहीत नव्हत्या.

माणूस बाहेर ओढताना मान आणि पाठ वळू देऊ नका. आम्हाला काही रुग्ण असे मिळाले की ढिगाऱ्यात पाय हलत होते आणि ट्रकमधून उतरवल्यावर हलेनात. दार, फळी, खाट, जे सपाट मिळेल त्यावर चार जणांनी एकदम उचलायचं, डोकं आणि मान एका रेषेत धरून. वरून काही पडायचा धोका नसेल तर प्रशिक्षित माणसाची वाट बघा.

दुसरं, हात किंवा पाय तासाभराच्या वर मोठ्या दगडाखाली दाबलेला असेल तर दगड काढल्याचा आनंद लगेच करू नका. दाबलेल्या स्नायूंतलं विष एकदम रक्तात जातं, त्याने हृदय थांबू शकतं, मूत्रपिंडं बंद पडू शकतात. माणूस बोलत असतो, पाणी मागतो, आणि बाहेर काढल्यावर जातो. अशा वेळी शक्यतो डॉक्टर येऊन शिरेतून सलाइन सुरू झाल्यावरच दगड हलवायचा. १०८ ला फोन करताना "किती वाजल्यापासून अडकलाय" हे आवर्जून सांगायचं.

रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा, सोडून सोडून बघू नका.

आणि बोलत राहा हो त्या माणसाशी. एक मुलगी होती दहा-बारा वर्षांची, तिला काढणाऱ्या माणसाने दोन तास तिच्याशी पाढे म्हटले होते. वॉर्डात आली तेव्हा ती मला विचारत होती, ते काका कुठायत, आमचा सतराचा पाढा राहिलाय.

गुरुजी_साखरपेठ
सिस्टर, डोळे भरून आले. तीस वर्षं शाळेत पाढे शिकवले, त्यांचा एवढा मोठा उपयोग ठाऊक नव्हता.

लेझीम_९३
सिस्टरांनी लिहिलं म्हणून मीही लिहितो, इतकी वर्षं कुणाला फारसं सांगितलं नाही. आमच्या मंडळाची पोरं त्याच दुपारी ट्रक घेऊन निघाली. गणपतीची उरलेली वर्गणी होती, त्यातून पाव, बिस्किटं घेतली. लोकांनी जुने कपडे दिले, गाठोडीच्या गाठोडी. उत्साह खूप, अक्कल कमी.

पहिली अडचण रस्त्यावर. बघायला निघालेल्या लोकांच्या गाड्याच गाड्या. जीप, स्कूटर, कुटुंबासकट. त्यांच्यामागे रुग्णवाहिका अडकलेल्या. मग पाऊस आला. आमचे पाव भिजले, बुरशी आली. कपड्यांचे ढीग रस्त्याच्या कडेला चिखलात पडले. आणि लोक मागत काय होते? पहार. टिकाव. खोरं. पाट्या. ताडपत्री. कंदील. यातलं एकही आमच्या ट्रकमध्ये नव्हतं.

हाताने उकरलं आम्ही. एका म्हाताऱ्याने शिकवलं. आधी सगळ्यांना गप्प करायचं. एकाने हाक मारायची, मग पूर्ण शांतता, दगडाला कान लावून ऐकायचं. वरून चढायचं नाही, आपल्या वजनाने खालची पोकळी बसते. बाजूने एकेक दगड काढायचा, काढलेला दगड लांब टाकायचा, पाट्यांची साखळी करून. तो म्हातारा दिवसभर आमच्याबरोबर होता. संध्याकाळी कळलं की त्याचं स्वतःचं घर दोन गल्ल्या पलीकडे होतं आणि तिथे उकरायचं काही उरलं नव्हतं.

पुण्यातला_सोलापूरकर
काका... नि:शब्द.

पार्कचौक
मी वर जे लिहिलं ते मागे घेतो. माझा जन्म १९९६ चा. घरात कुणी कधी एवढं सांगितलं नव्हतं. काका, पण आता तसं झालं तर आम्ही पोरांनी जायचं की नाही? घरी बसवत नाही हो.

लेझीम_९३
जायचं, पण बोलावल्यावर आणि शिकून. आता एनडीआरएफची, म्हणजे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची, पाचवी बटालियन पुण्याजवळ सुदुंबऱ्याला आहे, यंत्रं आहेत, श्वानपथक आहे. तेव्हा यातलं काही नव्हतं, लष्कर येईपर्यंत जे काही ते गावकऱ्यांनी. पण पुण्याहून निघालं तरी सोलापूर किंवा उमरगा गाठायला काही तास लागणारच. पहिले ते तास शेजाऱ्याचेच असतात. म्हणून आधी आपल्या गल्लीचं बघ. जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाकडे आपदा मित्राच्या, म्हणजे आपत्तीत मदत करणाऱ्या स्वयंसेवकाच्या, प्रशिक्षणाची चौकशी कर. तुझ्यासारखी धट्टीकट्टी पोरं पाहिजेतच बाबा.

मंडळ_कार्यकर्ता
आमच्या मंडळात हा विषय काढतो. सोलापुरात गल्लोगल्ली मंडळं आहेत, प्रत्येकाकडे एक खोली आहे, लेझीम-झांजा ठेवायला. त्याच खोलीत दोन पहारी, चार टिकाव, चार खोरी, वीस पाट्या, जाड दोर, दोन ताडपत्र्या, हातमोजे आणि शिट्ट्या. आणि एक वही: गल्लीत अंथरुणाला खिळलेलं कोण, डायलिसिसवर कोण, गरोदर कोण, एकटी म्हातारी कोण. हादरा थांबला की पहिलं दार त्यांचं वाजवायचं.

वर्गणीतून करायला काही हरकत आहे का? आमच्यात दोघे म्हणाले की देवाचा पैसा अवजाराला कसा वापरायचा.

गुरुजी_साखरपेठ
विसर्जनाच्या रात्रीच तो भूकंप झाला होता, एवढंच त्या दोघांना सांगा.

रात्रपाळी_सिस्टर
वहीची कल्पना फार चांगली. त्यात रक्तगट आणि चालू औषधंही लिहा. भूकंपानंतर आठवडाभर आमच्याकडे जखमेचे रुग्ण कमी आणि शुगरच्या, बीपीच्या गोळ्या ढिगाऱ्यात गेलेले रुग्ण जास्त यायला लागले होते.

शेंगाचटणी
आता माझ्या विषयाला येतो. आपत्तीची पिशवी म्हणून लोक इंटरनेटवरून बघून चॉकलेटं आणि डबाबंद खाणं भरतात. अहो, आपल्याकडे कडक भाकरी आणि शेंगा चटणी आहे! कडक भाकरी कोरडी ठेवली तर आठवडेच्या आठवडे टिकते. चटणीला फ्रीज नको, चूल नको. वर गूळ. पाण्याच्या बाटल्या मात्र दर महिन्याला बदला. मी खरंच अशी पिशवी दारामागे टांगली आहे, बॅटरी, शिट्टी, औषधं, आधार कार्डाची प्रत आणि थोडे सुटे पैसे घालून. (चटणी दोनदा पोरांनी संपवली, ती पुन्हा भरली.)

धोटा_आणि_माग
चटणी संपते म्हणूनच ताजी राहते. उत्तम व्यवस्था आहे.

पुण्यातला_सोलापूरकर
बाहेरगावी असणाऱ्यांसाठी एक. काही झालं की आम्ही सगळे एकदम घरी फोन लावतो आणि नेटवर्क बसतं. आमच्या घरात ठरलंय: सोलापुरात काही झालं तर सोलापुरातल्यांनी एकमेकांना फोन न करता नाशिकच्या मावशीला एक एसएमएस करायचा, "ठीक आहे, अमुक ठिकाणी". मावशी सगळ्यांना कळवणार. एसएमएस गर्दीतही बऱ्याचदा जातो. अडकलात तर ११२. गॅसचा वास आला तर १९०६, पण फोन घराबाहेर येऊन करायचा, आणि तोपर्यंत दिव्याच्या बटणाला हात नाही, काडी नाही. निघताना रेग्युलेटर बंद.

अँड्रॉइड फोनमध्ये भूकंपाची सूचना देणारी सोय २०२३ पासून भारतात आहे. सेटिंग्जमध्ये सुरक्षितता आणि आणीबाणी या भागात बघा, चालू आहे ना. केंद्र लांब असेल तर काही सेकंद आधी वाजते.

बाळीवेस
मग आधी कळतं म्हणायचं की! आमच्या गल्लीत तर दर वर्षी कुणीतरी सांगतं, अमुक रात्री होणार.

ओळंबा
ते वेगळं. भूकंप सुरू झालेला असतो, पहिली हलकी लाट पुढे आणि मोडतोड करणारी लाट मागे. फोन पहिल्या लाटेवरून ओळखतो आणि निरोप लाटेपेक्षा वेगाने पोचतो. "अमुक रात्री होणार" हे जगात कुणालाच सांगता येत नाही.

लेझीम_९३
९३ साली त्या अफवांनी आम्हाला झोपू दिलं नव्हतं. रोज नवी वेळ, आज दोन वाजता, उद्या चार वाजता. पेठेतले लोक कितीतरी रात्री गल्लीत, मैदानात झोपायचे. नंतरचे धक्के खरेच येतात, त्यामुळे तडा गेलेल्या घरात सामान आणायलाही जाऊ नये हे बरोबर. पण वेळ सांगणाऱ्याला गल्लीतून हाकलून द्यावं.

गुरुजी_साखरपेठ
थोडं अवांतर, पण राहवत नाही. त्या भूकंपानंतर शांतिलाल मुथ्था यांच्या भारतीय जैन संघटनेने बाराशे मुलं शिक्षणासाठी पुण्याला नेली. मदत म्हटलं की आपल्याला ट्रक दिसतो. पहिल्या आठवड्यानंतर वर्तमानपत्रांतून बातमी उतरते, ट्रक थांबतात. त्यापुढची दहा वर्षं मुलांची शाळा, फी, वसतिगृह कुणीतरी उचलावं लागतं. बावन्न गावं नव्या जागी वसवली गेली. भूकंपग्रस्त गावांतल्या बायकांना घरांचं बांधकाम कसं तपासायचं हे शिकवून स्वयम शिक्षण प्रयोग या संस्थेने संवाद सहायक म्हणून उभं केलं. सिमेंटला पाणी मारलं का, कोपऱ्यात सळई आहे का, हे त्या विचारायच्या.

रात्रपाळी_सिस्टर
आणि मुलांना तेच तेच विचारू नका, "काय झालं, कोण गेलं" म्हणून. बघायला येणारे प्रत्येक जण तेच विचारायचे. त्या पाढेवाल्या मुलीने शेवटी बोलणंच बंद केलं होतं. मग आमच्या एका मावशींनी तिला फक्त चेंडू आणून दिला.

ओळंबा
सूनबाई, गावाकडच्या घराचं राहिलं. पाडून नवं बांधणं सगळ्यांना परवडत नाही, पण माळवद हलकं करता येतं. वरची माती वीतभर ठेवून बाकी उतरवायची. पाणी गळू नये म्हणून मध्ये जाड प्लॅस्टिकचा कागद. उतरवताना सगळीकडून सारखी उतरवा, एका कोपऱ्यात ढीग करू नका. त्याआधी तुळयांना वाळवी आहे का ते जाणकाराला दाखवा आणि खालून टेकू द्या. भिंतीत ठरावीक अंतरावर भोक पाडून काँक्रीटचे आरपार दगड बसवता येतात, भिंतींना वरून पट्टा देता येतो, खांब-तुळईच्या सांध्याला तिरका टेकू. हे सगळं माहीतगार गवंड्याकडून. आणि खाटा भिंतीपासून हलवा, दार आणि खांबाच्या जवळ आणा. याला पैसा लागत नाही.

मंडळ_कार्यकर्ता
धागा वर आणतोय. पहारी, पाट्या, दोर आले. विरोध करणाऱ्या दोघांपैकी एकाने स्वतःच्या पैशाने ताडपत्री दिली. वहीत १३ नावं झाली, अजून एक गल्ली बाकी.

सूनबाई_जुळेसोलापूर
तीन आठवड्यांनी लिहितेय, उशीर झाला. पार्किंगमधले खांब पाहिले. दोन खांबांना नळासाठी खाचा पाडल्यात, एकात सळई दिसतेय. सोसायटीने अभियंता बोलावला आहे.

लेकीने आणि आप्पांनी मिळून ठरवलं. फ्लॅटमध्ये टेबल, गावाकडे अंगण. आप्पांना गुडघ्यावर बसता येत नाही, म्हणून त्यांनी खुर्चीतच पुढे वाकून उशी डोक्यावर धरायची, हे तिने शोधलं. परवा दोघांनी तालीम केली. ती टेबलाखालून ओरडत होती, "आप्पा, मान झाका!" आणि आप्पा उशीखालून म्हणाले, "झाकली गं." कडी मात्र अजून लावू देत नाहीत, आणि आम्हीही लावणार नाही.

मृग लागायच्या आत म्हणून ते रविवारी गावी गेले, दीर आणि दोन गडी घेऊन माळवदावर चढले. मी नको म्हणत होते, पण ऐकतात कुठे. वर खुर्ची टाकून बसले आणि पाट्या मोजायला लागले. संध्याकाळी फोन आला: आज दोनशे दहा पाट्या उतरल्या, फूटभर माती गेली, अजून फळी दिसली नाही. उद्या परत चढणार आहेत.